डाव्या पेडलचे आटे

सोमवार, ४ मार्च

आज या घरात एका निरपराध बनियनचा अंत झाला. तीन वर्षं माझ्या अंगात आणि दोन वर्षं सायकलींच्या चेन पुसण्याच्या सेवेत काढलेलं, तेल पिऊन लोण्यासारखं मऊ झालेलं ते वस्त्र बायकोने केरात टाकलं. "वास मारत होतं," म्हणाली. मारणारच. अनुभवाला वास असतो. निषेध म्हणून मी चहा घेतला नाही. तिने माझाही कप पिऊन टाकला. निषेध संपला.

बुधवार, ६ मार्च

भंगारवाल्याकडे चक्कर. हा गृहस्थ सायकलीला सायकल म्हणत नाही, "माल" म्हणतो. आज मालाखालून एक हिरवी लेडीज सायकल ओढून काढली. चौकट सरळ, एकही जोड उकललेला नाही. डावा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, तेवढा वाकलाय आणि टायरांच्या चिंध्या. एवढ्यासाठी टाकून दिली! केस गळतात म्हणून डोकं फेकणारी माणसं ही.

लेकीला द्यायची. अठरा तारखेपासून तिची दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी सुरू. मी म्हटलं, नवी घेऊ. तर म्हणे, "तुम्ही दुरुस्त केलेली असेल तर नेईन बाबा, नाहीतर बस आहेच." म्हणजे बारा दिवस.

गुरुवार, ७ मार्च

समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ सायकल बघून म्हणाले, "वा, अँटिक! गॅलरीत टांगा, वर कुंड्या ठेवा." उद्या हे स्वतःच्या आजोबांनाही रंग मारून दिवाणखान्यात टांगतील.

शनिवार, ९ मार्च

वाकडा क्रँक काढून दुसरा बसवायचा, पण पेडल हेच ठेवायचं. पितळी टोपीचं आहे, आता मिळत नाही. तेव्हा आधी वाकड्या क्रँकमधून पेडल सुटायला हवं.

मेहुणा आला. कारखान्यात सुपरवायझर आहे, हाताला तेल न लागता निवृत्त होईल. आल्या आल्या पाना घेतला आणि डावीकडे रेटायला लागला. थांबवलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे त्याला ठाऊक नाही! मग थोडं बौद्धिक घेतलं: संस्कृतात 'वाम' म्हणजे डावा, आणि 'वाम' म्हणजेच उलटा. जगातलं सगळं डावीकडे फिरवून उघडतं, डावं पेडल उजवीकडे. दोन्ही अर्थांनी वाम. आपल्या पूर्वजांनी शब्दातच आटे पाडून ठेवलेत.

बायको दारातून म्हणाली, "वामा म्हणजे बाई ना? तीही उलटीच, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मनात म्हटलंत."

रविवार, १० मार्च

पेडल हलत नाही. गंज. काल रात्रभर तेल घालून ठेवलं होतं, पण हल्लीच्या तेलात तेल असतं कुठे? पाना निसटून पायावर पडला. हल्लीच्या पान्यांना पकड नाही. संध्याकाळी कप फुटला. हल्ली कपांचे कानसुद्धा गुळगुळीत करतात.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मी बघू का?" म्हटलं, तू आधी डावं-उजवं शिकून ये.

मंगळवार, १२ मार्च

गंज. तेल. पाना. गंज.

लेक सहज विचारल्यासारखं करून गेली, "होईल ना बाबा सोमवारपर्यंत?" तिने बसचं वेळापत्रक फ्रिजला लावलंय. मला दिसू नये म्हणून वर सुट्ट्यांचं कॅलेंडर.

गुरुवार, १४ मार्च

आज नामुष्की.

संध्याकाळी पुन्हा पेडलशी झुंजलो. मेहुणा माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून प्रेक्षक. हातोडी आणायला आत गेलो, परत येतो तर पेडल बायकोच्या हातात! भाजी निवडता निवडता उठली होती म्हणे.

"एका झटक्यात काढलं ताईने," मेहुणा म्हणाला.

"झटका कसला? सैलच होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत तसं, उजवीकडे फिरवलं." मग माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही इतके दिवस डावीकडे फिरवत होतात की काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक हळूच म्हणाली, "बाबा... वाम."

"हो," मी म्हणालो. "बोलण्याच्या नादात विसरलो. उलटंच फिरवत होतो."

मेहुणा खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "शब्दातले आटे घट्ट, डोक्यातले ढिले!" बायकोही हसली. पदराने डोळे पुसून पुन्हा हसली. इतकी हसलेली बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

शनिवार, १६ मार्च

क्रँक मेहुण्याने बसवला, ब्रेक लेकीने. मी स्टुलावर बसून चुका काढल्या. 'वाम'चा विनोद मेहुण्याने समोरच्या कुंडीवाल्यालाही सांगितला. तोही हसला. म्हणजे आता खालची पायरी उरली नाही.

सोमवार, १८ मार्च

लेक सायकलवरून कामावर गेली. वळणावर मागे न बघता घंटी वाजवली.

मी एकदाही डावीकडे फिरवलं नव्हतं. रोज उजवीकडेच फिरवत होतो, अंगातला सगळा जोर लावून. गंज सुटलेला होता. जोरच नव्हता. दोन महिने झाले, उजव्या हाताची मूठ आवळत नाही. वर्तमानपत्राच्या ऑफिसात बातमी डाव्या हाताने टंकतो. वडिलांचं असंच उजव्या मुठीपासून सुरू झालं होतं. तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. बायकोने त्यांना पाहिलं ते थेट खाटेवर. सुरुवात कशी झाली, हे तिला माहीत नाही.