तो कर आणि ती कर

परभणी,
२८ जुलै २०२५

चि. सौ. पार्वतीस भगवानदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, निदान तब्येतीनं तरी.

तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या बाईंनी मला दोनदा विचारलं, रजिस्टर करायचं का साधंच. साधंच म्हणालो. भावानं बहिणीला लिहायचं पत्र रजिस्टर कशाला?

आता मुद्द्याचं. देशाचा गाडा आम्ही करदाते ओढतो आणि बाकीचे वर बसून जातात, असं मी ग्रुपवर टाकलं. ते काही तुला उद्देशून नव्हतं. कुणीतरी पाठवलं, मला पटलं, मी पुढं ढकललं. तिसऱ्या दिवशी आपले जावईबापू बन्सीधरराव दारात हजर. चहाही न घेता त्यांनी निकिताची पेटी उचलली आणि म्हणाले, घरातून हुकूम हाय, आमची पोरगी कुणाच्या गाड्यात फुकट बसणार न्हाई. दोन वर्षं माझ्या घरी राहून शिकलेली भाची जाताना रडत होती. तेव्हापासून तुझी वहिनी माझ्याशी भाजी वाढण्यापुरतंच बोलते.

पारू, निकिताचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. परीक्षेचा फॉर्म तीस ऑगस्टच्या आत भरायचा आहे आणि हजेरी बुडते आहे. तुझा राग माझ्यावर काढ, पोरीच्या वर्षावर नको. पण खरं ते खरं. निवृत्त झालो तरी पेन्शनीवर दरसाल चौतीस हजारांच्या आसपास आयकर भरतो. तू कधी एक रुपया भरलास का, एवढंच सांग.

बन्सीधररावांना नमस्कार, निकिताला आशीर्वाद. राग असला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
भगवानदादा


येलदरी,
४ ऑगस्ट २०२५

ती. दादांस पार्वतीचा सा. न. वि. वि. वहिनींनाही नमस्कार. सोबत राखी पाठवली आहे. भांडण वेगळं, राखी वेगळी.

तुम्ही विचारलंत ना, एक रुपया तरी भरलास का? मी निकिताला म्हटलं, मामाला उत्तर दे, तेवढाच तुझा अभ्यास होईल. ती तीन दिवस घरातल्या पुड्यांचे कागद जमवत बसली होती. धरणाजवळच्या आमच्या हॉटेलात रविवारी गर्दी असते, तेव्हाही पोरगी गिऱ्हाइकाला चहा द्यायचा सोडून बिस्किटाच्या पुड्यावर काय छापलंय ते वाचत होती. एका मास्तरनं तर मला विचारलं, मावशी, बिस्किटं जुनी हायत का?

तिनं काढलेलं असं. छत्तीस रुपयांची साबणाची वडी घेतली की त्यात साडेपाच रुपये कर. ती वडी तुम्ही घेतली तरी साडेपाच, मी घेतली तरी साडेपाच. तेल, चहा, मोबाईलचं रिचार्ज, गाडीचं पेट्रोल, फवारणीचं औषध, सगळ्यात थोडा थोडा कर. अडीच एकर आणि हॉटेल मिळून आमच्या हातात महिन्याला पंधरा हजार येतात, ते सगळे दुकानात जातात. त्यामुळं शंभरातले सात रुपये करात जातात. तुमच्या पेन्शनीच्या पंचाहत्तर हजारांतले निम्मे बँकेतच राहतात, म्हणून तुमचा असा कर शंभराला साडेतीनच. त्यात तुमचा आयकर मिळवला तर होतात सव्वासात. म्हणजे एवढा आरडाओरडा चार आण्यांसाठी.

दादा, मला वाईट वाटलं ते कराचं नाही. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलंत आणि म्हातारपणी मला गाड्यावर बसलेली म्हणालात, त्याचं वाटलं.

पोळा बावीस तारखेला आहे. कर झाल्याशिवाय निकिता घराबाहेर पाऊल टाकणार नाही. पुढचं तुम्ही ठरवा.

माया असू द्यावी.
आपली,
पार्वती


परभणी,
११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पार्वतीस अनेक आशीर्वाद. राखी मिळाली. वहिनीनं माझ्या हाताला बांधली आणि बांधताना एक चिमटाही काढला.

निकिताचा हिशोब घेऊन मी माझ्या कर सल्लागाराकडे गेलो होतो. म्हटलं, पोरीची चूक सापडेल. ते चष्मा लावून पंधरा मिनिटं बघत होते. मग म्हणाले, थोडं इकडंतिकडं होईल, पण मुलगी हुशार हाय, शिक्षण झाल्यावर आमच्याकडंच पाठवा. वर जाता जाता सांगितलं की सर, नव्या नियमानं यंदाच्या तुमच्या पेन्शनीवर आयकर शून्य. घरी येऊन मी ते तुझ्या वहिनीला सांगितलं. ती इतकी हसली की दूध उतू गेलं. म्हणाली, मग आता गाड्यावर सरकून बसा.

म्हणजे यंदा माझे शंभरातले साडेतीन आणि तुझे सात. पारू, मी चुकलो. मास्तरकी करत जन्म गेला आणि एवढा साधा हिशोब कधी मांडला नाही.

कर झाल्याशिवाय निकिता येणार नाही ही तुझी अट रास्त आहे. तुझ्या वर्षाच्या कमाईवरचा जो साडेतीन टक्क्यांचा फरक होतो, त्याचा सहा हजार तीनशेचा चेक सोबत जोडला आहे. आता कर मिटला असं समजून पोरीला लगेच पाठव.

लोभ आहेच, तो पुन्हा पहिल्यासारखा व्हावा.
तुझा,
भगवानदादा


येलदरी,
१६ ऑगस्ट २०२५

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र निकितानं मोठ्यानं वाचून दाखवलं. हे वैरण टाकता टाकता खालीच बसले. हसून हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

अहो दादा, तो कर नव्हे, ती कर! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी कुणी गावाबाहेर पडत नाही, पोरीला कुठं पाठवत नाही, हे आईनं तुम्हाला शिकवलं होतं. चाळीस वर्षं परभणीत राहिलात, तो कर भरत राहिलात आणि ही कर पार विसरलात. निकिताला मी शिकायला पाठवणारच होते. माझ्या रागापायी तिचं वर्ष घालवायला मी एवढी कोत्या मनाची नाही. पण तुम्हाला थोडं तंगवलं, हे कबूल.

चेक परत पाठवते. त्याच्या मागं निकितानं साबणाचा हिशोब लिहिलाय, तेवढा जपून ठेवा.

गुरुवारी संध्याकाळी खांदेमळणी आहे. जू ओढून बैलांचे खांदे दुखतात, त्यांना तूप-हळद चोळतो आपण. वहिनींना घेऊन या. तुम्हीही इतकी वर्षं गाडा ओढलाय, उरलेलं तूप तुमच्या खांद्याला लावू. मात्र कर इथंच पाळायची, रविवारी निकिताला घेऊन जायचं.

वाट बघते.
तुमची,
पारू


परभणी,
२५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पारूस अनेक आशीर्वाद. काल सुखरूप पोचलो. खांद्याची हळद अजून निघालेली नाही. शेजारी विचारतात, कुणाचं लग्न होतं?

तुला ग्रुपमध्ये पुन्हा घेतलं आहे. आधीचा मजकूर खोडला आणि लिहिलं की गाड्याला आपण सगळेच जुंपलेले आहोत, फक्त काहींना कुणी झूल घालत नाही. तुझ्या वहिनीनं त्याला अंगठा दाखवला, म्हणजे ग्रुपवरचा.

आज निकिताचा परीक्षेचा फॉर्म भरला. त्यात आईचा व्यवसाय असा एक रकाना आहे. मागची दोन वर्षं तो मीच भरला होता आणि दोन्ही वेळा न विचारताच ‘घरकाम’ असं लिहिलं होतं. यंदा नीट अक्षरात लिहिलं: शेती व हॉटेल, करदाती. रकाना लहान होता, शेवटचा शब्द थोडा बाहेर गेला. खाली स्थानिक पालक म्हणून सही केली.

कारकून म्हणाला, एवढं लिहायची गरज न्हाई, सर. मी म्हणालो, आहे.

पुढच्या पोळ्यालाही करीपर्यंत राहीन.
तुझा,
भगवानदादा