या ना कधी घरी

४ तारीख, सोमवार

माझं काम नेमकं काय, असं आप्पांनी सकाळी विचारलं आणि मला सांगताच आलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिल्याच प्रश्नाला गारद! शेवटी म्हटलं, वाचायचं आणि लिहायचं. तेवढ्यावर आप्पा खूश होऊन ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेले.

कचेरी म्हणजे काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचं गिऱ्हाईक खुर्च्या बनवणारी कंपनी, म्हणून नमुन्याच्या खुर्च्या भिंतीशी ओळीनं मांडल्यात. काम सोपं आहे. दुसऱ्यांचे ब्लॉग शोधायचे आणि लेखाखाली प्रतिक्रिया लिहायची. वाचणाऱ्यानं आपल्या नावावर क्लिक केलं की तो थेट खुर्च्यांच्या वेबसाइटवर पोचतो. काम शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले, ‘छान लेख’ एवढं चिकटवायचं आणि पुढं पळायचं. मी मात्र ठरवलंय, प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचायचा, मनापासून लिहायचं, आणि खाली खरं नाव. मास्तर हसले. म्हणाले, तू इथं नोकरीला आलीस की सोयरिकी जुळवायला?

६ तारीख, बुधवार

आज खजिनाच सापडला. एक जुना ब्लॉग आहे, त्यावर एकच लेख. लिहिणारा एकटा राहतो. घरी कुणी येत नाही, कुणी बोलावत नाही, एवढंच साध्या शब्दांत लिहिलंय. कोपऱ्यात ‘सध्या वाचत असलेले’ असा आकडा आहे, तो भलामोठा. आणि प्रतिक्रिया एकही नाही! इतकी माणसं वाचतात आणि कुणालाच दोन शब्द लिहावेसे वाटले नाहीत?

मी लिहिलं. इतर ब्लॉगांवर नसतो असा एक रकाना तिथं होता, तुमचा पत्ता. खोटं कशाला लिहायचं? पाण्याच्या टाकीसमोर, निळं दार, असा घरचा पत्ता खुणेसकट दिला. शेवटी सहज लिहून गेले, या ना कधी आमच्या घरी. आपण सगळ्यांनाच म्हणतो तसं.

८ तारीख, शुक्रवार

ब्लॉगवाल्याचं उत्तर आलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी बोलावलं, आधी वाचकांना पाठवतो, असं. मला बरं वाटलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, ती प्रतिक्रिया काढून टाक. पण लिहिणाऱ्याला ती काढता येत नाही, फक्त ब्लॉगवाल्याला येते.

घरी गेले तर आई चहा टाकत होती. तुझ्या ओळखीचे आलेत म्हणाली. बाहेरच्या खोलीत तीन माणसं बसली होती, मी कधी न पाहिलेली. काय काम म्हणून विचारलं, तर ती माणसं एवढंच म्हणाली की तुमचं नाव वाचून आलो.

चहाला कुणी हात लावला नाही.

९ तारीख, शनिवार

अजून आलेत. बसायला जागा नाही, तर भिंतीला टेकून उभे आहेत. भांडण नाही, मागणं नाही. त्यांच्या तोंडावर खालून निळसर उजेड पडतो, पडद्यासमोर बसल्यावर पडतो तसा. पण हातात काहीच नाही, आणि भर दुपार आहे.

पापण्या लवत नाहीत. डोळे डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. आम्हाला वाचताहेत.

शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. त्या दारातूनच म्हणाल्या, अगं, खोली तर रिकामी आहे, झोप झाली नाही का तुझी?

ब्लॉगवरचा आकडा उतरतोय. तिथून जितके कमी, तितके इथं.

११ तारीख, सोमवार

धाकट्या बहिणीला, छोटीला, बळंच काकूंकडे ठेवलं. आई यायला तयार नाही. घरी आलेल्यांना टाकून कसं जायचं, म्हणते. आज ती त्यांच्यात जाऊन बसली. हाक मारली, हलवलं. मान वळवली तिनं, पण —

आईच्या तोंडावर तो उजेड आहे.

१२ तारीख, मंगळवार

मास्तर फोनवर रडत होते. असले ब्लॉग आपण उघडायचे नसतात, तुला सांगायला हवं होतं, म्हणाले. उपाय विचारला. म्हणाले, एकच. त्यांना दुसरा पत्ता हवा. कुणाचाही दे, माणसं काय कमी आहेत?

कुणाचाही! कुणाच्या आईचा?

आई पापण्या मिटत नाही. मी हातानं मिटल्या. पुन्हा उघडल्या.

१३ तारीख, बुधवार

झालं करून. सकाळीच कचेरीत आले, मास्तरांना घरी पाठवलं, आणि पहिल्या प्रतिक्रियेखाली दुसरी लिहिली. खरं नाव. आम्ही ते घर सोडलं, आता इथं या. पत्ता कचेरीचा. खाली लिहिलं, मी एकटीच आहे, वाट बघते.

आत्ताच आईचा फोन आला. नेहमीसारखी ओरडली, डबा विसरलीस म्हणून. घरात कुणी नाही म्हणाली. पाहुणे न सांगता उठून गेले, काय ही रीत? मी हसले. रडलेही. छोटीला काकूंकडून घरी घेऊन ये म्हटलं, आणि फोन ठेवला.

ब्लॉगवर आकडा आता शून्य आहे. उत्तर एकच, वाचक पोचले ना, मीही निघालोय.

जिन्यावर पावलं. भिंतीशी खुर्च्या एकेक भरताहेत — ऊन आहे बाहेर, आणि हाताखालचं हे पान निळं दिसतंय — सगळे वाचताहेत, मी लिहीन तसं — एकच खुर्ची उरलीय, माझ्या समोरची —

दार मी उघडंच ठेवलंय. बोलावलं मीच, तेव्हा या म्हणायलाही मीच —