आत ठेवलेली माया

प्रिय ............,

पुढची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. तुला काय म्हणावं ते अजून ठरत नाही. तुझ्या माघारी आमच्या घरात तुला 'लिफ्टवाला' म्हणतात, कारण तू लिफ्ट दुरुस्त करतोस. हे नाव मीच पाडलं, आणि कौतुकाने पाडलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. अक्षर मोठं काढते आहे. लेक म्हणते, तू मराठी वाचतोस, पण जोडाक्षर आलं की अडखळतोस. म्हणून शक्य तिथे टाळते. 'शक्य' हे सुद्धा जोडाक्षरच निघालं बघ, आणि 'सुद्धा' पण. जाऊ दे, आता लिहिलं ते लिहिलं.

तुझं जाकीट तयार आहे. जुनी चेन पार गेली होती, नवी बसवली. डाव्या कोपरापाशी शिवण सुटली होती, तीही घातली, न विचारता. माझ्या दुकानात नवं काही शिवलं जात नाही हे तुला माहीत आहे. लोकांचं सैल झालेलं घट्ट करायचं, तोकडं झालेलं सोडायचं, शाळेच्या मुलींचे चुण्यांचे स्कर्ट दर वर्षी बोटभर लांब करायचे, हेच माझं काम. यात निम्मा वेळ उसवण्यात जातो. शिवणं कुणालाही येतं, उसवणं जमावं लागतं. कापड न दुखवता एकेक टाका काढायचा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या हातची शिवण जपून उसवत आले, असं मला वाटायचं. तुझ्या आईच्या हॉटेलात जेवायला टेबलाशी बसले आणि ते सगळं विसरले.

त्या दुपारची सुरुवात खरं तर लेकीने आणलेल्या एका शब्दापासून झाली. 'वीगन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते खोकल्याचं औषध वाटलं होतं. मग तिने समजावलं की यात मांसमच्छी तर नाहीच, पण दूध, तूप, अंडं, मधही नाही. मी म्हटलं, मग खायचं काय, वारा? ती चिडली. म्हणाली, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. तेव्हा मी ते कानाआड केलं. परत येताना गाडीत तिने पुढचं सांगितलं, की आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर तुझ्या आईने तिला चार-चारदा विचारलं होतं. अंडं चालतं का? दूध? मासळीचा रस? लेक म्हणाली, बाबांना अंडं चालतं, आईला वासही चालत नाही, दूध दोघांना लागतं, पण लोणी कशाचं आहे ते आई विचारणार. बिचारीचा गोंधळ उडाला. शेवटी म्हणाली, कशानेच कुणाचं मन खट्टू व्हायला नको, मी सगळंच वगळते. बांबूच्या नव्या टोपल्या आणल्या, वेगळी कढई काढली, दुपारी जेवणाच्या वेळेला हॉटेल बंद ठेवलं. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं मी स्वतःला बजावते. पण खरं सांगू? कळलं असतं तरी मी तेच केलं असतं. मी घरातून नाक मुरडूनच निघाले होते. आमच्याकडे याला नाकाने कांदे सोलणं म्हणतात. लेकीला विचारू नकोस, ती हसेल आणि मग तिला रडू येईल.

तुझ्या आईने आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं गोल टेबल दिलं होतं. मधली फिरती काच तिने इतकी पुसली होती की त्यात पंख्याची पाती दिसत होती. एप्रनला कडक इस्त्री. टोपलीचं झाकण तिने स्वतःच्या हाताने उचललं आणि वाफ विरेपर्यंत उभी राहिली. आत ते डिमसम. पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी पारी, पोटात सारण, आणि वर चुण्या घालून मिटलेलं तोंड. ह्यांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, मागचा पुढचा विचार न करता पहिला उचलला आणि डोळेच मिटले. मी मात्र काटा मागितला. पहिला फोडला. आत काळपट, चिवट असं काही दिसलं. आता कळतं की ते मशरूम होतं, वाळवून भिजवलेलं. मला ते मांसच वाटलं. म्हणून दुसरा फोडला, मग तिसरा. चुणी सोडवायची, पारी बाजूला सारायची, आतलं उकरायचं. तुझी आई समोर उभी, हातात झाकण तसंच. लेकीने टेबलाखालून मला पाय मारला. माझ्या बशीत सगळा चेंदामेंदा झाला होता आणि मी एक घासही तोंडात घातला नव्हता.

आणि मग मी ह्यांच्याकडे वळून मराठीत बोलले. आपली भाषा परक्या ठिकाणी आपल्याला चार भिंतींसारखी वाटते. आत बसून काहीही बोलावं, बाहेर ऐकू जात नाही, असा एक भ्रम असतो. मी काय बोलले ते तुला लिहून दाखवायची गरज नाही, पण लिहिते, कारण न लिहिणं म्हणजे पुन्हा तोच भित्रेपणा. मी म्हटलं, "झाकली मूठ आहे सगळी. ज्यांच्या स्वयंपाकघराचा भरवसा नाही, त्यांच्या घरात पोरगी कशी द्यायची?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. ह्यांनी उचललेला डिमसम परत बशीत ठेवला. लेक पांढरीफटक पडली. तू चहा ओतत होतास, तो तसाच ओतत राहिलास. तुझ्या आईने तुला तुमच्या भाषेत काहीतरी विचारलं. मी काय म्हणाले तेच विचारलं असणार. तू तिला दोन-तीन वाक्यं सांगितलीस, आणि ती एकदम लाजली, एप्रनला हात पुसले आणि आत निघून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, पोराला कुठे कळलं असणार, याला फार तर 'नमस्कार, कसे आहात' येत असेल, दिलं असेल काहीतरी ठोकून.

मग निघताना दारात तू माझ्या कोपराला हलकेच धरलंस आणि म्हणालास, "सावकाश, काकू. पुढे पायरी आहे, चटकन दिसत नाही."

चटकन. ज्याला 'चटकन' हा शब्द येतो त्याला सगळं येतं. मला त्या पायरीवरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात म्हणतात, माणसाने आपली पायरी सोडू नये. मी ती टेबलाशीच सोडून आले होते, आणि तू मला पुढची दाखवत होतास, पडू नये म्हणून. गाडीत लेक म्हणाली, बरं झालं, तो अडखळत वाचतो तेवढंच, इतकं भरभर बोललेलं त्याला कळलं नाही. म्हणाली, पुन्हा तुम्हाला मी त्या दारात नेणार नाही, आमचं ठरेल तेव्हा कळवीन. म्हणजे तू तिलाही सांगितलं नाहीस. तुला सगळं कळलं होतं, हे मीही तिला सांगितलं नाही. जन्मभर शुद्ध शाकाहारी म्हणून मिरवलेली मी, त्या दिवशी शेण खाल्लं, असं ह्यांनी झोपताना सरळ तोंडावर सांगितलं. ते कधी असं बोलत नाहीत.

हे इथवर राहिलं असतं तर मी कदाचित तुला लिहिलंही नसतं. तोंड लपवून बसले असते. पण बुधवारी दुकानात तुझी आई आली. तुला ठाऊक आहे का ते मला माहीत नाही. मी एका स्कर्टच्या चुण्या टाचत होते. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली बांबूची टोपली. मला वाटलं, जाब विचारायला आली, आणि मनातून बरंही वाटलं. पण ती हसत होती. तिची इथली भाषा बाजारापुरती, माझीही तेवढीच. तिने झाकण काढलं, एका डिमसमच्या चुण्यांवर बोट फिरवलं, मग माझ्या मशिनीवरच्या स्कर्टच्या चुण्यांवर, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणाली, "तुम्ही शिवणारी. तुम्ही चांगलं म्हटलं. मुलगा सांगितला." मला समजायला वेळ लागला. ती पुन्हा बोलली, की इतकी वर्षं लोक खातात आणि जातात, चुण्यांकडे कुणी बघत नाही. तुम्ही उघडून बघितलं, कशा घातल्या ते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू तिला सांगितलंस की या बाईंचं शिवणकाम आहे, त्या चुण्या कशा घातल्यात ते उसवून बघतायत, आणि म्हणतायत की हात फार सुरेख आहे. माझ्या त्या घाणेरड्या काट्यालाही तू अर्थ दिलास. ती माझ्यासाठी पुन्हा करून घेऊन आली होती, आधीपेक्षा बारीक चुण्यांचे. मी स्टुलावर बसले आणि खाल्ले. एकही फोडला नाही. अख्खा तोंडात घातला, जीभ भाजली, तरी थांबले नाही. कोबी, आलं, गाजर, ते काळं मशरूम. इतकं चवदार मी फार दिवसांत काही खाल्लं नव्हतं, आणि प्रत्येक घासाला मला लाज वाटत होती. ती माझ्याकडे बघत होती, आपण केलेलं कुणी खाताना आपण बघतो ना, तशी. मला रडू आलं. तिला वाटलं जीभ भाजली म्हणून, तिने पाणी दिलं.

तुला आमच्या धंद्यातला एक शब्द सांगते. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडतात. बाहेरून दिसत नाही. पुढे माणूस वाढला, बदलला, तर तेवढं सोडून कपडा मोठा करता येतो. ते नसेल तर चांगल्यातला चांगला कपडाही टाकून द्यावा लागतो. त्या जास्तीच्या कापडाला आम्ही 'माया' म्हणतो. जीव लावण्यालाही तोच शब्द आहे. इतकी वर्षं दिवसातून दहादा बोलते मी तो, पण दोन्ही एकच आहेत हे मला बुधवारी स्टुलावर बसून कळलं. तू माझ्यासाठी आत माया ठेवलीस. मी तुझ्यासाठी बोटभरही ठेवली नव्हती.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझ्या आईने मला सोमवारी बोलावलं आहे, हॉटेल बंद असतं तेव्हा, चुण्या शिकवायला. तू दुभाषा म्हणून असशील असं ती म्हणाली. आधी मी ठरवलं होतं, तिच्यासमोर सगळं खरं सांगून टाकायचं. मग वाटलं, त्याने हलकं कोण होणार? मीच. आणि तिचा बुधवारचा तो चेहरा मात्र मी पुन्हा एकदा काट्याने फोडायची. तेवढी मूठ झाकलेलीच राहू दे. लेकीला मी स्वतः सांगेन, ते तुझं काम नाही. तुझ्याकडे एकच मागणं आहे. त्या दिवशी तू माझ्या नावावर जे वाक्य बोललास, ते मी बोललेच नव्हते. ते मला बोलायचं आहे, तुझ्या मदतीशिवाय, तिच्या भाषेत, माझ्या तोंडाने, तिचे हात बघत. ते वाक्य देवनागरीत लिहून दे, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं टाळून. मी पाठ करीन. हे पत्र जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवते आहे. उत्तर तिथेच ठेव आणि चेन अडकते असं निमित्त करून जाकीट परत घेऊन ये. आणि वरची मोकळी जागा तूच भर. मला सुचलेला शब्द 'जावई' आहे. त्यात जोडाक्षर नाही. पण तो लिहायचा हक्क आता माझा राहिलेला नाही, तुझा आहे.

तुझीच,
अजून त्या पायरीवर उभी असलेली
काकू