ओढ्याकाठचा गवताचा पट्टा न नांगरण्याबाबत

प्रति,
मा. भूमी निरीक्षण अधिकारी,
शेतजमीन नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गुरुवारी सकाळी नऊला येणारा ट्रॅक्टर थांबवणेबाबत.
संदर्भ : आपल्या दोन नोटिसा, एकाच पट्ट्याबद्दल.

महोदय,

१. माझ्या शेताच्या उतारावर, ओढ्यालगत तीस फूट रुंद गवत मी सहा वर्षांपूर्वी आपल्याच कार्यालयाच्या शिबिरात ऐकून लावले. पहिला ठोंब आपल्या हस्ते लागला होता. छायाचित्र सोबत आहे, कुदळ धरलेले आपणच आहात.

२. त्याआधी दर पावसाळ्यात माझ्या शेतातली माती व खत ओढ्यात आणि तिथून खालच्या अंगाला जाऊबाईंच्या विहिरीत उतरत असे. त्यापायी आम्ही दोघी चार वर्षे बोलत नव्हतो. त्यांचे चुकत नव्हते. आता गवत माती अडवते, विहिरीचा तळ दिसतो आणि माझ्या वाफ्यांत गांडुळे आहेत.

३. मार्चमध्ये आपले निरीक्षक मोटारसायकलवरून न उतरताच, "बाई, हे शेत आहे का रान?" असे विचारून 'पडीक' लिहून गेले. पडीक म्हणून नांगरणीची नोटीस आली.

४. दुरुस्तीसाठी गेले असता खिडकीवरील लिपिकांनी सांगितले, की यादीत गवताचा पट्टा हा प्रकारच नाही. पीक, पडीक किंवा बांधकाम यांतून निवडा. पीक म्हणावे तर विक्रीची पावती मागतात. त्यांच्या सल्ल्याने मी 'बांधकाम' लिहिले. ही चूक माझी, मान्य आहे. आता विनापरवाना बांधकामाची नोटीस आली असून मजल्यांची संख्या विचारली आहे. नांगरणीची नोटीसही कायम आहे.

५. पाऊस आठवड्यावर आला आहे. आज पट्टा उकरला तर सगळी मोकळी माती सरळ विहिरीत जाईल. जाऊबाईंच्या घरी दीड महिन्याचे बाळ वरच्या दुधावर आहे, दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतात. मला भीती वाटते, साहेब.

६. तरी बुधवारी आपण स्वतः येऊन पाहावे. येणे न जमल्यास, गुरुवारी आम्ही दोघी जावा पट्ट्यात उभ्या असू. नोटिशीत 'जागेवरील सर्व अनावश्यक वाढ काढण्यात येईल' असे आहे. त्यात आम्ही दोघी येतो किंवा कसे, ते ट्रॅक्टरचालकास लेखी कळवावे.

कळावे,
आपली नम्र,
(सही) वरच्या शेताची मालकीण
(अंगठा) जाऊ, खालची विहीर
मंगळवार, ३ जून

सोबत : छायाचित्र, दोन्ही नोटिसा, गवताचा हाताने काढलेला नकाशा (मजले : निरंक).