भाऊबीजेची साडी

हसनाबाद, मंगळवार, जानेवारी १९९८

आज शेजारच्या तिघींनी दारात येऊन सुनावलं. "तुमच्या भावाच्या कंपनीचा स्टॅबिलायझर म्हणून घेतला, अन् टीव्ही जळाला." माझ्याच शब्दावर घेतला होता.

जालन्याला भाच्याला फोन लावला. म्हणतो, "आत्या, फॅक्टरीत तर बराबर चालून राह्यला. तुमच्या गावची लाईटच खराब."

अरे, म्हणूनच तर तुझा बाप इथं यायचा! लोकांचे भाऊ भाऊबीजेला साडी आणायचे, माझा दादा नवा स्टॅबिलायझर. माझ्या टीव्हीला लावून जायचा अन् गव्हाला पाणी सुरू झालं की परत यायचा. सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज उसळायचं, तेव्हा हा टीव्हीसमोर बसलेला. दोन टीव्ही जळाले माझे. मी भांडायची अन् हा खूश! "सुमे, बरं झालं, इथंच जळाला." मंग स्टॅबिलायझरमधी दुरुस्ती करायचा, तेव्हा कुठं माल दुकानात जायचा.

दादा गेला. पोरानं स्टॅबिलायझरचा डबा तोच ठेवला, वर बापाचा फोटो छापला. माझ्याकडं एकही नवा लावून बघितला न्हाई. भाऊबीजेला साडी पाठवली. मी येडी, गल्लीभर दाखवत फिरले, भाच्याला रीत कळते म्हणून.

दादा गेला म्हणून माल बिघडला म्हणावं, तर जळायचा तो दादाचाही. पण तो होता तोवर एकट्या माझ्या घरात जळायचा.

साडी मात्र चांगली निघाली.