ओरोपेझा पार्कमधली अकराची फेरी

मी, यूफेमिया ओरोपेझा, कै. लिआंद्रो ओरोपेझा यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार ओरोपेझा ट्रेलर पार्क, मेसा शहराच्या पूर्वेस, राज्य अ‍ॅरिझोना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डावा हात अजून बांधलेला आहे, पण लिहायचा हात उजवा आहे आणि डोके जागेवर आहे. कोणाच्याही दबावाखाली मी हे लिहीत नाही. भीतीपोटी मात्र लिहीत आहे. भीती हा दबाव धरतात का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बाई, भीती नसती तर माझ्याकडे कोणी आलंच नसतं." याआधी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले दुसरे मी रागात केले होते. त्याचे कारण पुढे येईल.

कलम पहिले : माझे घर. फाटकाजवळचे दोन खोल्यांचे पक्के घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझी एकुलती एक मुलगी ओटिलिया हिला द्यावे. मक्याचे पीठ दळायचा पाटा माझ्या आईचा आहे. तो जड आहे म्हणून अंगणात ठेवून त्यात कुंडी करू नये.

कलम दुसरे : माझे दीर हेक्तर ओरोपेझा. त्यांना काहीही देऊ नये. आमच्या शेजारची पाच एकर जमीन दोघा भावांच्या बापाची होती. हेक्तरनी ती मला न विचारता गोदामवाल्या कंपनीला विकली. आज तिथे खिडकी नसलेली एक लांबलचक इमारत आहे. आत म्हणे जगभरच्या लोकांचे फोटो आणि पत्रे यंत्रांत साठवलेली असतात. ती यंत्रे थंड राहावीत म्हणून छपरावरचे शंभर पंखे आतली गरम हवा बाहेर फेकतात, म्हणजे आमच्या अंगावर. पूर्वी जुलैतही पहाटे अंगावर चादर लागायची. आता पहाटे भिंतीला हात लावला तर ती कालचे ऊन सोडत असते. उत्तरेला कॉम्प्युटरच्या चिप बनवायचे कारखाने आले, त्यांच्यामागून घरे आली, घरांमागून सहापदरी रस्ता आला. लोक म्हणतात, शहर वाढतेय. मी आमच्या विहिरीत दोर सोडून पाहते. लिआंद्रोने खणली तेव्हा साठ मीटरवर पाणी होते. आता दोर संपतो आणि ओला होत नाही.

कलम तिसरे : पार्कची जमीन. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे म्हणून सविस्तर लिहिते. वाचणाऱ्याने घाई करू नये.

आमच्या पार्कमध्ये साठ जागा आहेत. ऑक्टोबर उजाडला की मिनेसोटा, डकोटा, कॅनडा अशा बर्फाच्या गावांहून म्हातारी जोडपी आपापले ट्रेलर घेऊन उतरतात. सगळे त्यांना पाखरे म्हणतात. सहा महिने पत्ते, नाच, शनिवारी सकाळी धिरड्यांचा नाश्ता, कोणाची तरी कंबर धरलेली, कोणाचे तरी कोणाशी भांडण. एप्रिलमध्ये पाखरे उडून जातात. पण अलीकडे सगळी जात नाहीत. तिकडचे घर विकलेले असते, जोडीदार गेलेला असतो, किंवा वाढत्या शहराने दुसरीकडचे भाडे परवडेनासे केलेले असते. मग ती इथेच राहतात, पत्र्याच्या ट्रेलरमध्ये, जुन्या कूलरच्या भरवशावर. जुलैत हवा दमट झाली की हे कूलर नुसता ओला श्वास टाकत बसतात.

असा राहिलेला पहिला माणूस म्हणजे ऑरिन लिंडक्विस्ट, जागा क्रमांक सतरा. एकोणीस हिवाळे तो बायकोला घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती इथेच वारली. एप्रिलमध्ये मी त्याला म्हणाले, "ऑरिन, आता नीघ. इथला उन्हाळा तू पाहिलेला नाहीस."

"तिकडे माझं आहे काय? एक रिकामं घर आणि एक जावई," तो म्हणाला. "जावयापेक्षा ऊन बरं."

मला तेव्हापासूनच धाकधूक होती. मी त्याला एक नियम घालून दिला. रोज सकाळी नऊपर्यंत खिडकीचा पडदा वर करायचा. पडदा वर दिसला की मी समजेन, सगळे ठीक आहे. जूनभर त्याने तो पाळला. जुलैत एका मंगळवारी मी माझ्या बॅटरीच्या गाडीतून गेले, पडदा वर होता. बुधवारी गेले, पडदा वर होता. गुरुवारी भर दुपारी पाहिले तर आत दिवा लागलेला. दिवसा दिवा लावणाऱ्यातला ऑरिन नव्हता. मी किल्लीने दार उघडले. कूलरचा पट्टा तुटून खाली पडला होता. मंगळवारी पहाटे दिवा लावून, पडदा वर करून ऑरिन खुर्चीत बसला होता, आणि दिवा विझवायला किंवा पडदा खाली करायला पुन्हा उठलाच नव्हता. दोन दिवस मी त्या खिडकीसमोरून समाधानाने गेले होते.

तेव्हापासून मी पडद्यावर विश्वास ठेवत नाही. मे ते सप्टेंबर रोज सकाळी अकराला मी प्रत्येक दार ठोठावते आणि आतून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. शिवी चालते. खोकला चालत नाही. यंदा उन्हाळ्यात राहिलेली माणसे बारा आहेत. सर्वांत तरुण एकाहत्तर वर्षांचा आहे. दार ठोठावल्यापासून आवाज येईपर्यंतचा जो वेळ असतो, तो मी रोज बारा वेळा काढते. त्या वेळात माझे काय होते, ते मी कोणाला सांगितले नव्हते.

यंदा नऊ जुलैला साडेदहाच्या सुमारास पाण्याचा दाब कमी झाला म्हणून मी पंपाच्या खोलीकडे गेले. दाराबाहेर मला भोवळ आली आणि मी सिमेंटवर डाव्या अंगावर पडले. खुबा मोडला. त्या दिवशी पारा अठ्ठेचाळीसवर होता. सावलीतला. सिमेंट किती तापले होते ते माझ्या हाताला विचारा. उठायला हात टेकला तर तो उचलेना. मला स्वतःच्या कातडीचा वास आला. मी ओरडले. पण सगळ्यांच्या खिडक्या बंद, कूलर घरघरणारे, आणि पलीकडे हेक्तरच्या कंपनीचे शंभर पंखे. माझे ओरडणे मलाच ऐकू येईना. आकाश पांढरे झाले होते. मनात एकच आले, की सगळ्यांची दारे मी ठोठावते, माझे दार कोण ठोठावणार? मी देवाचे नाव घेतले नाही. ऑरिनची माफी मागितली.

किती वेळ गेला ते मला कळले नाही. मग चाकांच्या वॉकरचा खडखडाट ऐकू आला. जागा क्रमांक चारमधली वांडा टेस्क, वय त्र्याऐंशी, रात्रीच्या झग्यातच बाहेर आली होती. वॉकरच्या दांड्यावर तिने भिजवलेली चादर टाकली होती.

"एफी, तू उशीर केलास," ती म्हणाली. "वीस मिनिटं दाराशी शिवी तयार ठेवून बसले होते मी."

"माझ्याच्यानं उठवत नाही."

"दिसतंय. बडबडू नकोस. कूस वळव, ही खाली सरकवते. ओरडायचं तर ओरड, इथं ऐकायला आहे कोण."

तिने चादर माझ्याखाली सरकवली, स्वतःची सावली माझ्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली आणि फोन करून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना बोलावले. ते येईपर्यंत ती हलली नाही. तिच्या सपाता तळाशी वितळल्या होत्या. दार ठोठावणे सोडले तर या वांडाशी मी अकरा वर्षे बोलत नव्हते. माझ्या एन्चिलाडांनी, म्हणजे चटणीत भिजवलेल्या मक्याच्या पोळ्यांनी, अर्ध्या पार्कचे पोट बिघडले असे तिने भर नाचात सांगितले होते. ते खोटे होते आणि आजही आहे. तरी कलम पाचमध्ये तिचे नाव आहे.

आता ओटिलियाबद्दल. माझी मुलगी बिल्डरच्या ऑफिसात नोकरी करते. त्या बिल्डरने आमची जमीन तीनदा मागितली आणि तिन्ही वेळा निरोप तिनेच आणला. अठराव्या वर्षी तिने हे पार्क सोडले, त्यानंतर ती फाटकाच्या आत कधी आली नाही. गाडी बाहेर उभी करून हॉर्न वाजवायची. मी समजले, हिला जमिनीची हाव आहे. म्हणून मागच्या मृत्युपत्रात मी तिचे नाव काढून टाकले होते.

भाजलेल्यांच्या वॉर्डात ती माझ्या उशाशी बसली होती. मी शुद्धीवर येताच म्हणाली, "आई, आता तरी विकून टाक."

"आज अकराला कोण फिरलं?" मी विचारले.

"हे मला विचारू नकोस."

"कोण फिरलं, ओटिलिया?"

"कोणी नाही फिरलं. आणि मला तुझे पैसे नकोत, तुझी जमीन नको. मला तू त्या जमिनीवर मेलेली नकोस. एक झाला की तिथं."

तो एक म्हणजे तिचा बाप. ज्या जूनमध्ये उन्हामुळे विमानेही उडाली नव्हती, त्या जूनमध्ये लिआंद्रो एका ट्रेलरच्या छपरावर कूलर दुरुस्त करताना गेला. खाली शिडी धरून ओटिलिया उभी होती. अकरा वर्षांची. एवढे मला माहीत होते. पुढचे तिने पस्तीस वर्षांनी, त्या पलंगाशी सांगितले.

"वरून पान्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी हाक मारली नाही, आई. मला वाटलं, बाबा दम खातोय. मी तशीच उभी राहिले. शिडी सोडायची नाही, असं त्यानंच सांगितलं होतं."

मी तिला ऑरिनच्या पडद्याची गोष्ट सांगितली. त्याआधी ती मी कोणाला सांगितली नव्हती. मग ती उठली, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "नंबर सांग. कोणत्या कोणत्या जागा?"

तेवीस दिवस मी वॉर्डात होते. उरलेले सगळे दिवस, आणि मी घरी आल्यानंतरही, ती ऑफिसातून रोज येऊन अकराची फेरी करीत आली आहे. पहिल्याच आठवड्यात जागा एकोणचाळीसमधून आवाज आला नाही. तिने दार ढकलले, आतल्या म्हाताऱ्याला ओढत स्वतःच्या थंड गाडीत घातले, आणि तो वाचला. त्या दिवशी मला भेटायला आली तेव्हा तिने माझ्या उशाजवळचे पाणी एका दमात पिऊन टाकले.

"तू हे रोज कसं करतेस?" तिने विचारले. "प्रत्येक दाराशी वाटतं, आता आवाज येणार नाही."

"मलाही तसंच वाटतं."

"अजून?"

"अजून. रोज."

म्हणून जमिनीची व्यवस्था मी अशी करीत आहे. जमीन ओटिलियाच्या नावे व्हावी. परंतु यंदा उन्हाळ्यात इथे राहिलेल्या बारा जणांपैकी एकही जण इथे राहत असेल, तोपर्यंत ती विकू नये, आणि त्यांचे भाडे वाढवू नये. मे ते सप्टेंबरसाठी नवा माणूस एकही घेऊ नये. कितीही गयावया केली, कितीही एकटा असला, तरी घेऊ नये. हिवाळ्यातल्या पाखरांनी यावे आणि एप्रिलमध्ये उडून जावे. शेवटचा माणूस गेला की ओटिलियाने जमीन विकावी आणि मागे वळून पाहू नये. हे ठिकाण आता माणसाने उन्हाळा काढायचे राहिलेले नाही. मी ते मान्य करायला फार वर्षे लावली.

कलम चौथे : बँकेतली शिल्लक. ती त्या बारा जणांच्या ट्रेलरमध्ये खरे एसी बसवण्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलासाठी वापरावी. उरेल ते ओटिलियाचे.

कलम पाचवे : वांडा टेस्क हिला माझी बॅटरीची गाडी द्यावी, म्हणजे तिला सपाता वितळवाव्या लागणार नाहीत. शिवाय एन्चिलाडांची कृती द्यावी. ती वाचली की तिचे तिलाच कळेल, की दोष चटणीचा नव्हता, तिने वरून ओतलेल्या आंबट सायीचा होता.

कलम सहावे : लिआंद्रोची हत्यारे. पाने, पक्कड, पट्टे ताणायचा स्क्रू, हे सर्व ज्याला उपयोगी पडेल त्याने न्यावे. छपरावर चढायची शिडी कोणालाही देऊ नये. ती मोडीत घालावी, आणि ते काम ओटिलियाला सांगू नये.

कलम सातवे : माझा देह. मी हिवाळ्यात मेले तर पाखरांना बोलवावे, त्यांना जेवण घालावे, नाच ठेवला तरी माझी हरकत नाही. उन्हाळ्यात मेले तर कोणालाही बाहेर उन्हात उभे करू नये. आणि सकाळी मेले असेन, तर आधी अकराची फेरी करावी, मग माझ्याकडे यावे. मला घाई नसेल.

हे मृत्युपत्र पूर्ण करून मी ओटिलियाला वाचायला दिले. ती आता फाटकाच्या आत येते आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसते. तिने सगळे वाचले आणि पेन मागितले.

"कलम तीनमध्ये चूक आहे," ती म्हणाली. "बारा लिहिलंयस. तेरा हवेत."

"तेरावं कोण? मी तर नीट मोजलेत."

"तू."

"अगं, मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होतं. मेल्यावर माझं दार कशाला ठोठावशील?"

"मृत्युपत्र होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. "तुझ्या दाराची फेरी उद्यापासून लागू आहे. अकराला येईन. मान हलवलेली चालणार नाही, आवाज हवा."

सबब, कलम तिसरे व चौथे यांत जिथे जिथे 'बारा जण' असे लिहिले आहे, तिथे 'तेरा जण' असे वाचावे. ही दुरुस्ती मी स्वखुशीने मान्य केली असून बाजूला आद्याक्षरे केली आहेत. खाली सही करण्यापूर्वी मी सर्व मजकूर मोठ्याने वाचला व तो दोन्ही साक्षीदारांनी ऐकला.

सही : यूफेमिया ओरोपेझा

साक्षीदार :
१. डार्लीन याझी, परिचारिका. हिने माझी जखम एकवीस वेळा बांधली आणि एकदाही "दुखत नाही" असे खोटे सांगितले नाही.
२. मार्टिन पचेको, निवृत्त टपालवाले.

वांडा टेस्क यांनाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. लाभार्थीने सही करू नये असे वकील म्हणाल्यावर त्यांनी वकिलांना जे म्हटले ते इथे नोंदवलेले नाही.

स्थळ : ओरोपेझा पार्क, मेसा
दिनांक : ४ सप्टेंबर २०२५, सकाळी सव्वादहा. बाहेर त्रेचाळीस अंश.