चार नवे हात

४ फेब्रु. २००७, रवि.
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं: जेसल पार्कचा सुरेश, त्याची बायको, भाऊ, भावजय, चौघं बाप्तिस्मा मागतायत. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. मी पण. मग मनात हिशेब सुरू. आम्ही बाप्तिस्मा झालेले वीसही नाही. चर्चची जागा बिल्डरला द्यायची की नाही, याचं मतदान मार्चातल्या सभेत. आम्हा बॅप्टिस्टांत पाण्यात उतरला तो सभासद, आणि सभासदाला मत. चार हातांत निकाल फिरेल.
सुरेश ‘कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये’ आहे. कोणाकडे, ते सांगत नाही.

८ फेब्रु.
संध्याकाळी मुर्ध्याला चर्चचं कुलूप लावायला गेलो. सुरेश मागच्या भिंतीशी पावलं टाकत जागा मोजतोय. विचारलं, तर म्हणे जुना हौद कुठे होता ते बघतोय. माझे वडील त्याच हौदात बुडून वर आले, मंडळीच्या पहिल्या चार-पाच जणांत. तेव्हा चर्च म्हणजे कुडाची खोली, पलीकडे मिठागर. हे सगळं मीच त्याला हौसेने सांगितलं होतं.
पण हौदासाठी एवढी पावलं?

११ फेब्रु., रवि.
सुरेशची साक्ष. दारू सुटली ते सांगताना रडला. बायको खाली बघत होती. मी उठून म्हणालो, बाप्तिस्मा सभेनंतर ठेवू.
सुरेश म्हणाला, “दादा, मत नको मला. पाणी द्या.”
पाळकसाहेब म्हणाले, अर्धा सभासद आपल्यात नसतो. पुढच्या रविवारी हात वर करून ठरवू.

१४ फेब्रु.
मार्थाआत्याकडे गेलो. मंडळीत सगळ्यांत जुनी तीच. सगळं ऐकून हसली. “तुज्या बापाला पन तेच बोलले. मिठागरावं मुकादमी पायजे म्हनून बुरला.”
“मुकादमीसाठी पाण्यात बुडाले? खोटं ना?”
“मुकादमी मिलाली ना त्याला. पन मरसतवर चर्चान झारू त्यानंच मारली.”
वडिलांसाठी पहिला हात कोणी वर केला होता, विचारलं.
“मीनंच. मना तरी काय म्हाईत होतां?”
प्रार्थनेत मन लागलं नाही. वडिलांना कधी असं विचारलंच नाही.

१८ फेब्रु., रवि.
हात वर झाले. आत्या वळून माझ्याकडेच बघत होती. शेवटी माझाही. खांद्यापर्यंतच.

२५ फेब्रु., रवि.
चौघांचे बाप्तिस्मे झाले. पाळकसाहेबांची पाठ दुखते, म्हणून हौदात दुसऱ्या बाजूला मी. सुरेश मागे झुकताना त्याने माझं मनगट आवळलं.
नंतर कपडे बदलायच्या खोलीत त्याचा फोन वाजत होता. वर नाव ‘शेठ’. मी नेऊन दिला. त्याने बघितला, उचलला नाही. मी समोर होतो म्हणून?
मी बाहेर आलो. आत परत वाजला, मग थांबला.
येत्या रविवारी सभा. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ अजून आहेत. पाण्याखाली जाताना तो खरंच घाबरला होता, एवढं मी कोणालाही सांगेन. बाकीचं मला तरी काय माहीत?